सेकंडहँड गाडीच्या तारखा जुळवून बघा

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा तीन गोष्टी करतो. गाडीभोवती चक्कर मारतो, टायरवर बूट आपटतो आणि "रनिंग किती झालंय?" असं विचारतो. उत्तर ठरलेलं असतं: "फर्स्ट ओनर आहे साहेब, डॉक्टरांची गाडी, फक्त बत्तीस हजार." डॉक्टर लोक इतक्या गाड्या विकायला कधी काढतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

खरं उत्तर गाडीवरच छापलेलं असतं. टायर, काचा, सीटबेल्ट, बॅटरी, कधी कधी हेडलाइटसुद्धा, यांवर बनवल्याची तारीख किंवा निदान साल असतं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हे सगळे भाग काही महिन्यांच्या अंतराने बनलेले होते. आज त्यातला एखादा बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी नवा निघाला, तर तो मधे कधीतरी बदललाय. का बदललाय, एवढंच विचारायचं. टायर आणि बॅटरी संपतात म्हणून बदलतात. काच आणि सीटबेल्ट मात्र सहसा वापरून संपत नाहीत.

समजा, पेट्रोल हॅचबॅक आहे, मार्च २०१८ चं पासिंग, मीटरवर बत्तीस हजार. सुरुवात आरसीपासून करायची. आरसीवर नोंदणीची तारीख असते आणि गाडी बनल्याचा महिना-साल वेगळा असतो. डिसेंबर २०१७ ला बनलेली गाडी मार्चमध्ये विकली गेली असेल तर त्यात काही गैर नाही, पण ती '१८ चं मॉडेल' म्हणून १८ च्या भावात घेऊ नका. मग चासी नंबर. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो, भारतात बनलेल्या गाडीचा 'एम'ने सुरू होतो, आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पत्र्यावर ठोकलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. कुठे ठोकलाय ते गाडीगणिक बदलतं. कधी पुढच्या सीटखाली कार्पेटला कापलेल्या खिडकीत, कधी इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर. त्या जागेच्या आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा असतील तर पुढचं काहीच बघू नका, घरी या.

आता टायर. टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. बऱ्याच टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत बसवलेली असते, तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन थोडं वाकावं लागतं. आपल्या २०१८ च्या गाडीला चारही टायर २३२१ चे आहेत असं धरू. म्हणजे कंपनीचा पहिला सेट २०२१ च्या मध्यावर किंवा त्यानंतर उतरवला. साध्या शहरी वापरात गाडीचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर आरामात जातात. मग पहिला सेट वीस हजारांतच संपला का? आता या दुसऱ्या सेटची नक्षी बघा. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. हा दुसरा सेटही संपत आला असेल, तर गाडीने सत्तर-ऐंशी हजार तरी कापलेत, मीटर काहीही म्हणो. स्टेपनी बघायला विसरू नका. ती बऱ्याचदा कंपनीतून आलेलीच राहते आणि तिच्यावरची तारीख गाडीच्या वयाशी तंतोतंत जुळते.

मीटर मागे फिरवणं हे जुन्या काट्याच्या मीटरपेक्षा डिजिटल मीटरमध्ये जास्त सोपं झालंय. लॅपटॉप जोडला की काम होतं, स्क्रू खोलल्याच्या खुणाही दिसत नाहीत. पण किलोमीटरची नोंद मीटरबाहेरही होत असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी गाडी आत घेताना रनिंग लिहून घेतात आणि ते रेकॉर्ड मालकाला मागितलं की मिळतं. विकणाऱ्याला सांगा, तुमच्यासमोर फोन लावा किंवा कंपनीच्या ॲपवर दाखवा. आकडे चढत जायला हवेत. एखाद्या वर्षी अठ्ठेचाळीस हजार आणि आज बत्तीस, असं दिसलं तर बोलायला काही उरत नाही. २०२० नंतर एकही सर्व्हिस नोंदलेली नसेल तर गाडी बाहेर गॅरेजला जात होती, तेही चालतं, मग तिथली बिलं दाखवा म्हणायचं.

शिवाय माणसाचा हात आणि पाय. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंग घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसून-उठून दबलीये, आणि मीटर बत्तीस हजार? बत्तीस हजारांत पेडलला एवढं होत नाही. याउलट सगळं जुनं आणि पेडलचं रबर तेवढं कोरं करकरीत असेल तर तेही शंकेचंच.

एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली डॅशबोर्डमध्ये सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर इंजिनाचे एरर दिसतात. हा स्कॅनर स्वतःचा असावा किंवा मित्राकडून उसना घ्यावा. आणि त्यात एक आकडा आवर्जून बघावा: एरर शेवटचे पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. तिथे 'चार' दिसलं, तर तुम्ही येणार म्हणून आज सकाळीच कोणीतरी एरर पुसलेत.

अपघाताकडे वळू. इथे पुन्हा तारखांचाच उपयोग. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का असतो आणि त्यात साल ओळखायची खूण असते. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि एकाच सालाच्या आसपासच्या हव्यात. समोरची काच दगड लागून बदलते, ते महामार्गावरच्या गाड्यांत नेहमीचं. पण डाव्या बाजूच्या मागच्या दाराचीच काच वेगळी असेल, तर त्या दारावर काहीतरी येऊन आदळलंय. सीटबेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेलं लेबल असतं, बहुतेक गाड्यांत त्यावर तारीख असते. जोरदार धडकेत एअरबॅगबरोबर बेल्टही आवळला जातो आणि मग तो बदलावा लागतो. पुढचे दोन्ही बेल्ट गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे, हे मोठ्या अपघाताचं जवळजवळ कबुलीपत्रच.

बोनेट उघडल्यावर लोक इंजिनाकडे बघतात. आधी बोल्टकडे बघा. बोनेटच्या बिजागरीचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट कंपनीत बसवल्यानंतर रंगवले जातात, त्यामुळे त्यांच्या कोपऱ्यांवर रंग अखंड असतो. एकदा पाना लागला की रंग उडतो आणि खालचा धातू दिसतो. बोल्ट खोललेले दिसले तर पुढे बघायचं: बाजूचा लांब चौकोनी बीम, म्हणजे मिस्त्री ज्याला 'चासीची टांग' म्हणतात तो भाग, सरळ आहे का, त्यावर सुरकुती आहे का. कंपनीचं वेल्डिंग ठराविक अंतरावर गोल गोल ठिपक्यांचं असतं. गॅरेजचं वेल्डिंग ओबडधोबड रेघेसारखं दिसतं. बंपर रंगवलेला, दाराला ओरखडा भरलेला, यात घाबरण्यासारखं काही नाही. पुण्या-मुंबईत सात वर्षं गाडी चालवून बंपर कोरा राहिला असेल तर उलट मला आश्चर्य वाटेल. पण छत, दारांमधले खांब आणि हे बीम, इथे काम झालेलं असेल तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पुन्हा कधी धडक झाली तर ती हेच भाग झेलतात.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फार उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो. पत्रा ठोकून पुट्टी भरलेली असेल तर आकडा कित्येक पटींनी वर जातो. यंत्र नसेल तर फ्रिजवरचा चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. पुट्टीच्या जाड थरावर तो धरत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तो मुळातच धरणार नाही, तिथे घाबरू नका. गाडी सकाळच्या उन्हात आणि कोरडी बघा. संध्याकाळी सहाला, नुकती धुतलेली गाडी सगळ्यांचीच छान दिसते.

विम्याची पॉलिसी मागून घ्या, ती नुसती चालू आहे की नाही हे बघायला नव्हे. तिच्यावर 'नो क्लेम बोनस'चा टक्का छापलेला असतो. क्लेम न घेता वर्ष गेलं की तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. 'एकदाही ठोकली नाही' म्हणणाऱ्या पहिल्याच मालकाच्या सातव्या वर्षाच्या पॉलिसीवर २० टक्के दिसत असतील, तर दोन-तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं, असं सरळ विचारा. बऱ्याचदा खरं उत्तर मिळतं, कारण कागद समोर असतो.

आता पुराच्या गाड्या. आपल्याकडे हा विषय जितका मोठा आहे तितका तो बोलला जात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्यात होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दर वेळी पार्किंगमध्ये, रस्त्यावर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते, आणि उरलेली गाडी भंगार म्हणून विकली जाते. ती घेणारा प्रत्येक जण तिचे सुटे भागच काढतो असं नाही. धुऊन, वाळवून, नवीन सीट कव्हर चढवून ती तीनशे किलोमीटरवरच्या शहरात पुन्हा 'शोरूम कंडिशन' होते. बाहेरून ती ठोकलेल्या गाडीपेक्षा फार बरी दिसते, पत्रा सरळ असतो ना!

पाण्याने होतं काय? इंजिन चालू असताना त्यात पाणी गेलं तर ते लगेच मरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण बंद उभ्या गाडीचं इंजिन साफ करून चालू करता येतं. तिचं खरं दुखणं वायरिंगमध्ये. चिखलाचं पाणी कनेक्टरांत शिरतं, तांब्याला हिरवा गंज चढतो आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पडायला लागते: आज पॉवर विंडो, उद्या सेंट्रल लॉक, परवा पावसात इंजिनच. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या कन्सोलखाली, अगदी फरशीला लागून असतो. म्हणजे केबिनमध्ये वीतभर पाणी आलं तरी पहिला बळी तोच.

हे ओळखायची माझी आवडती खूण सीटबेल्ट. सगळे जण बेल्ट अर्धा ओढून बघतात. तो हळूहळू शेवटपर्यंत, अडेपर्यंत ओढा. त्याची गुंडाळी खांबाच्या खालच्या भागात, फरशीजवळ असते आणि शेवटचा हात-दीड हात पट्टा कधी बाहेरच येत नाही. गाडी धुणाऱ्याचाही हात तिथवर पोचत नाही. त्या भागावर मातकट पाण्याची रेघ, डाग किंवा बुरशी दिसली, तर पाणी तिथवर चढलं होतं. मग सीट मागे सरकवून तिचे रूळ आणि बोल्ट बघा, डॅशबोर्डखालचे स्क्रू बघा. आतल्या, कोरड्या जागेतल्या लोखंडाला गंज चढायला काही कारणच नसतं. स्टेपनी उचलून खालच्या खोलगट जागेत बारीक गाळ आहे का, हे बोट फिरवून बघा. कार्पेटचा कोपरा उचलून नाक जवळ न्या. आत भरमसाट परफ्यूम मारलेला असेल, तर काचा लावून, एसी बंद करून दहा मिनिटं गप्पा मारत बसा, कुबट वास आपोआप वर येतो. आणि किल्ली फिरवताना डॅशबोर्डवर लक्ष ठेवा: एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कोणीतरी दिवाच काढलाय. मात्र १ जुलै २०१९ च्या आधी ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची नव्हती, तेव्हा २०१८ च्या बेस मॉडेलला ती नसूही शकते. आपण बघतोय त्या व्हेरिएंटला काय काय होतं, ते आधी शोधून जा.

एमएच-०८ किंवा एमएच-१० पासिंग दिसलं की पळ काढायचा, असं नाही. रत्नागिरी-सांगलीतल्या बहुसंख्य गाड्यांना पुराचा थेंबही लागलेला नाही. पण पुरानंतर दोन-चार महिन्यांतच गाडी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मालकाच्या नावावर झाली असेल, तर वर सांगितलेलं सगळं दोनदा बघा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांचं खरं दुखणं वेगळंच असतं, खाऱ्या हवेचा गंज. तो दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि खालून चासीवर दिसतो. त्यासाठी गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवावी.

इंजिनाचं फार पाल्हाळ लावत नाही, तो भाग मिस्त्रीचा. दोन-तीन गोष्टी मात्र आपल्यालाही जमतात. आधी फोन करून जा, पण पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर सकाळी सुरू व्हायला त्रास देणारी गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलेली असू शकते. थंड इंजिनच सुरू करून बघायचं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही, आणि गरम झाल्यावरही थांबत नाही असा दाट पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कूलंट, आत जातंय. थंडीत सुरुवातीला निघणारी विरळ वाफ यात धरू नका. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. फसफस करत धुरासकट हवा बाहेर येत असेल तर त्याला मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नका, भाजतं.

मग चालवून बघा, निदान वीस मिनिटं, रेडिओ बंद, एसी चालू. तिसऱ्या गिअरमध्ये हळू जात असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढतोय आणि वेग चढत नाही, तर क्लच प्लेट संपलीये. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. स्पीडब्रेकरवरून एक चाक आधी, एक नंतर असं तिरकं उतरवा, सस्पेन्शनचा खडखडाट तिथेच ऐकू येतो. डिझेल घेत असाल आणि गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहा या प्रदूषण नियमांची असेल, तर ती फक्त शहरात चालवलेली नाही ना, हे विचारा. तिच्या सायलेन्सरमधली काजळी पकडणारी जाळी लांबच्या प्रवासातच नीट साफ होते. सीएनजी असेल तर किट आरसीवर चढलंय का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, झालीये का, हे कागदावरच बघा.

एवढं सगळं ठीक वाटलं, की हजार-दोन हजार देऊन स्वतःच्या ओळखीचा मिस्त्री न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

टोकन द्यायच्या आधी कागद. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून विमा, फिटनेस आणि कर्ज बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचं कर्ज उतरवायचा फॉर्म ३५ हवा, नाहीतर गाडी नावावर होणार नाही. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरावरच राहतात, ती आधी भरून घ्या. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दिसली तर लक्षात घ्या की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरची डिझेल वाहनं दिल्ली परिसरात चालवायला मनाई केली होती. बऱ्याच गाड्या तिकडून बाहेर आल्या त्या यामुळे. ती इथे आणली तर एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. तो हिशेब केल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही.

टीटी फॉर्म, म्हणजे गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, भरून लगेच आरटीओत द्या. आधी गाडी घेऊन जा, नावावर नंतर करू, हे दोघांच्याही अंगाशी येतं. २०१८ च्याच एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात. विम्याचंही तसंच. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आपोआप पुढे चालतं, पण आपल्या गाडीचं नुकसान झालं तर जुन्या मालकाच्या नावच्या पॉलिसीवर पैसे मिळत नाहीत. त्याचा नो क्लेम बोनसही त्याच्याबरोबर जातो, हप्ता भरताना तो धरू नका. ताबा घेताना एका कागदावर तारीख आणि वेळ, मिनिटासकट, लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच वेळी विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर पहिल्या टोलनाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून जातील आणि त्याचा फोन तुम्हाला येईल.